नदीकाठचा उकिरडा : प्रागैतिहासिक जीवनाचे दप्तर

इंदूर येथील लालबाग राजवाडा खान नदीच्या काठी उभा आहे. त्याचे बांधकाम १८८६ मध्ये सुरू होऊन १९२१ मध्ये पूर्ण झाले. होळकरांच्या या वास्तूचा इतिहास कागदपत्रांवरून सांगता येतो. परंतु लेखनकला अवगत नसलेल्या नदीकाठच्या माणसाचा इतिहास कोठे शोधावयाचा? पुरातत्त्वज्ञ उत्तर देतात : त्याच्या उकिरड्यात.

शिंपल्यांचे ढीग

या अभ्यासाचा पाया डेन्मार्कमध्ये घातला गेला. तेथील समुद्रकिनाऱ्यावर कालवांच्या शिंपल्यांचे मोठे ढीग होते. हे ढीग लाटांनी रचले की माणसाने, हे ठरविण्यासाठी १८४८ मध्ये भूशास्त्र, प्राणिशास्त्र व पुरातत्त्व यांच्या जाणकारांची समिती नेमण्यात आली. शिंपल्यांत चुली, कोळसा, दगडी हत्यारे व फोडलेली हाडे सापडल्याने ते मानवी भोजनाचे अवशेष ठरले. शिंपल्यातील चुन्यामुळे हाडे टिकून राहतात. आणि शिंपल्यावरील वाढीच्या रेषांवरून तो कोणत्या ऋतूत गोळा केला, हेही अजमावता येते.

नर्मदाकाठची साक्ष

माळव्यातील व दख्खनमधील जुन्या वस्त्यांच्या ढिगाऱ्यांत शिंपल्यांपेक्षा राख, हाडे, खापरे व जळके धान्य यांचाच भरणा अधिक असतो. मात्र ते वाचण्याची पद्धत तीच. खुद्द इंदूर शहरात आझादनगर येथे ताम्रपाषाणयुगीन वस्तीचे अवशेष मिळाले आहेत. महेश्वरसमोर, नर्मदेच्या दक्षिण तीरावरील नावडातोली येथे डॉ. ह. धी. सांकलिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२-५३ आणि १९५७-५९ या काळात उत्खनन केले. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची गोल व चौकोनी घरे, रंगीत मृद्भांडी आणि गारगोटीच्या जातीच्या दगडांची बारीक पाती तेथे उजेडात आली. त्यांहून मोलाचे ठरले ते जळके दाणे : गहू, मसूर, मूग, उडीद, वाटाणा, लाख आणि जवस. तांदूळ मात्र पुढील काळाच्या थरांत आढळला.

थरांचे महत्त्व

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. एखादा दाणा वा हाड एकटे फारसे बोलत नाही. ते कोणत्या थरात व कशासोबत मिळाले, यावरून त्याचा अर्थ लागतो. म्हणून माती थराथराने काढतात, चाळतात, पाण्यात खळबळवून हलके दाणे वेगळे करतात आणि कोळशावरून कार्बन-१४ पद्धतीने काळ ठरवितात.

पुणे जिल्ह्यातील घोड नदीकाठचे इनामगाव हे याचे उत्तम उदाहरण होय. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. १३० हून अधिक घरे उघडकीस आली. आरंभीच्या काळात सातूची शेती भरभराटीस होती. इ. स. पू. १००० च्या सुमारानंतर प्रशस्त चौकोनी घरांची जागा लहान गोल झोपड्यांनी घेतली, शेती मागे पडली आणि शेळ्यामेंढ्या व शिकार यांवरील भिस्त वाढली. यामागे वाढते अवर्षण असावे, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे. दुष्काळाची ही कहाणी कोणी लिहून ठेवली नव्हती. ती टाकलेल्या हाडांनी व दाण्यांनी सांगितली.

पांढरीचे रक्षण

आपल्या खेड्यांत शेतजमिनीस काळी व गावठाणास पांढरी म्हणतात. जुन्या पांढरीची राखट माती खत म्हणून शेतात टाकण्याची चाल आहे. शेतकऱ्याची गरज खरी आहे. परंतु गाडीभर मातीबरोबर कित्येक पिढ्यांची नोंद कायमची पुसली जाते. विस्कटलेले थर पुन्हा रचता येत नाहीत.

यास्तव ग्रामस्थांनी नदीकाठच्या टेकाडावर रंगीत खापरे, राखेचे थर वा दगडी पाती दिसल्यास खोदकाम थांबवून तलाठ्यास अथवा पुरातत्त्व विभागास कळवावे. जमिनीत पुरलेली दहा रुपयांहून अधिक मूल्याची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना वर्दी देणे १८७८ च्या कायद्यान्वये बंधनकारक आहे. अधिकाऱ्यांनी माती उचलण्याची परवानगी देण्यापूर्वी जागेची पाहणी करावी. शिक्षकांनी मुलांना टेकाड दाखवावे. मात्र वस्तू उचलू न देता तिची जागा वहीत टिपण्यास शिकवावे.

राजवाड्याची भिंत पडली तर चार लोक हळहळतात. टेकाड नाहीसे झाले तर कोणाच्या ध्यानीही येत नाही. म्हणूनच त्याची राखण त्याच्या शेजारी राहणाऱ्यांनी करावयाची आहे.