वकील मुलाला परदेशी पाठवताना

मुलगा वकील झाला की दुकान गहाण टाकून त्याला लंडनला एलएल.एम.साठी धाडायचे, असा विचार आपल्या पेठेतले बरेच वडील करतात. बिरादरांनो, माल पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नका. नुसत्या एलएल.एम.ने इंग्लंडात सॉलिसिटर होता येत नाही. तिथे २०२१ पासून एसक्यूई ही परीक्षा आहे. पहिल्या भागात ३६० प्रश्न, दुसऱ्यात लेखी-तोंडी मिळून १६ कसोट्या. आपल्याकडच्या सनदधारकाला दोन वर्षांच्या उमेदवारीची अट नाही, एलएल.एम.चीही नाही! पहिला भाग भारतातल्या केंद्रावर देता येतो, तोंडीसाठी मात्र तिकडे जावे लागते. म्हणजे मुलगा इथल्या कोर्टात कमावत अर्धी वाट चालू शकतो. पास झाला तरी नोकरी आणि व्हिसा वेगळे मिळवायचे असतात, हेही हिशेबात धरा.

दुबईचा मामला निराळा. तिथल्या अरबी कोर्टात उभे राहण्याचा हक्क मुख्यतः अमिराती वकिलांचा. आपली मुले कायदा सल्लागार म्हणून करारमदार पाहतात. २००४ साली स्थापन झालेल्या डीआयएफसी कोर्टाचे कामकाज तेवढे इंग्रजीत चालते.

आणि पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की बार कौन्सिलला कळवून इथली वकिली थांबवावी लागते. हा कागद पुष्कळ जण विसरतात.