गळ टाकणाऱ्यांचे धोरण

प्रश्न : आम्ही नाशिकचे चौघे मित्र सुट्टीत डहाणू, मालवणला हौसेने मासे पकडायला जातो. हौशी मासेमारीचे सरकारी धोरण ठरले, तर आमचे कोण ऐकणार?

उत्तर : १९८१ चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा (२०२१ मध्ये सुधारलेला) पोटासाठी मासे मारणाऱ्या नौका डोळ्यांसमोर ठेवून केलेला आहे. किनाऱ्यावर गरी टाकून बसलेला माणूस त्यात जवळपास दिसतच नाही. पण तुमच्या आधी तिथले मच्छीमार बोलतील, आणि ते रास्तच आहे. १ जूनपासून त्यांच्या यांत्रिक नौका बंद, आणि पर्यटक मात्र खुशाल गरवतो, हे त्यांना कसे पटावे?

म्हणून मागण्यांआधी देणे सांगा. पावसाळ्यात गळ बंद, लहान मासा परत पाण्यात, दिवसाला ठरावीकच मासे, विक्री अजिबात नाही, आणि होडी गावातल्याच परवानाधारकाची. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये हौशी मंडळींकडून शुल्क घेऊन ते खास निधीत टाकतात. इथे तशा शुल्कातला वाटा मच्छीमार सहकारी संस्थेला मिळावा, असे माझे मत.

एकट्याने पत्र लिहू नका. आधी ज्या तांडेलाची होडी घेता, त्याच्या सोसायटीत जाऊन बसा; मग तुमच्या आणि सोसायटीच्या सह्यांचे निवेदन मत्स्यव्यवसाय विभागाकडे द्या.