रामघाटावर पाय घसरला तर

महाकालाच्या दर्शनाआधी क्षिप्रेत स्नान करायचं म्हणून आपल्याकडची किती तरी मंडळी पहाटे उज्जैनच्या रामघाटावर उतरतात. ओल्या, शेवाळलेल्या पायरीवर पाय सटकला की माणूस आपसूक हात टेकतो आणि मनगटाजवळचं हाड मोडतं. पन्नाशीपुढच्या बायकांत हे जास्त दिसतं, कारण पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होत जातात. 2028 च्या सिंहस्थाला जायचं ज्यांच्या घरात घाटतंय, त्यांनी एवढं वाचून ठेवावं.

आधी त्या हातातल्या बांगड्या, पाटल्या, अंगठ्या काढा. सूज भराभर चढते आणि घट्ट पाटली रक्त अडवते. हात रिकामा नको म्हणून काहीजणी तयार होत नाहीत. त्यांना दुसऱ्या हातात घालायला सांगा, पण काढाच. मग वर्तमानपत्राची जाड घडी कोपरापासून तळहातापर्यंत हाताखाली धरून ओढणीने बेताची बांधा आणि हात गळ्यात अडकवा. चोळू नका, ओढून ‘बसवू’ नका. बोटं हलतात म्हणजे हाड शाबूत आहे, असं मुळीच नाही, एक्स-रे काढा. जखमेतून हाड दिसत असेल तर स्वच्छ कापडाने झाका. नदीचं पाणी कितीही पवित्र असो, त्या जखमेवर घालू नका. जंतू थेट हाडापर्यंत जातात.

म्हातारं माणूस पडलं, उठता येईना, एक पाय आखूड आणि पाऊल बाहेर वळलेलं दिसलं, तर खुब्याचं हाड मोडलं असं धरून चाला. काखेत हात घालून उभं करू नका, 108 ला फोन लावा. ‘आता या वयात ऑपरेशन कशाला?’ असं नातेवाईक म्हणतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं. अंथरुणाला खिळल्यावर न्यूमोनिया, पायात रक्ताच्या गुठळ्या, पाठीला जखमा होतात. जीव त्यानेच जातो. प्रकृती झेपणारी असेल तर एक-दोन दिवसांत शस्त्रक्रिया होऊन माणूस लवकर उभा राहावा.

हाड सांधतं ते आपलं आपणच. मोडलेल्या जागी रक्त साकळतं, दोन-तीन आठवड्यांत तिथे मऊ सांधा धरतो, पुढे त्यात कॅल्शियम भरून तो टणक होतो. प्लास्टर हाड फक्त जागेवर धरून ठेवतं. मनगटाला साधारण सहा आठवडे लागतात, नडगीला तीन-चार महिने, कधी त्याहून जास्त. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचं हाड उशिरा जुळतं, तेव्हा ती बंद करा. डाळी, दूध, अंडी पोटात जाऊ द्या.

प्लास्टरमधली बोटं दिवसभर हलवत राहा, हात उशीवर उंच ठेवा. दुखणं कमी होण्याऐवजी वाढत गेलं, बोटं बधिर, गार किंवा निळसर पडली, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री दवाखाना गाठा आणि प्लास्टर सैल करून घ्या.