जुने ऑइल इंजिन घरी उभे करताना : आधी माप, मग खर्च, शेवटी रंग

खेड्यापाड्यांत विजेची मोटार पोहोचल्यापासून अनेक विहिरींवरची आणि पिठाच्या गिरण्यांतील डिझेल इंजिने कोपऱ्यात पडून आहेत. काही भंगारवाल्याकडे गेली, काही अजून गोठ्यात ताडपत्रीखाली आहेत. आमच्या कारागीर बांधवांपैकी ज्यांच्या हाती पाना आहे आणि अंगणात थोडी सावलीची जागा आहे, त्यांच्यासाठी अशा इंजिनात रोजीचे एक साधन आहे. कर्ज न काढता, साठवलेल्या थोड्या भांडवलावर एक इंजिन घेऊन ते दुरुस्त करता येते. मग स्वतःच्या गिरणीला लावा किंवा विका. मात्र याच धंद्यात पुष्कळांचे भांडवल बुडालेही आहे. कारण एकच : माप न घेता खर्च केला आणि दुरुस्तीच्या जागी रंग लावला. म्हणून या लेखात आपण कामाचा योग्य क्रम समजून घेऊ.

कोणते इंजिन निवडावे?

एका सिलिंडरची जुनी इंजिने आपल्याकडे मुख्यतः दोन जातींची मिळतात. पहिली जात मंद गतीची, दोन मोठ्या चाकांची. इंग्लंडमधील डर्स्ली गावच्या लिस्टर कंपनीने १९३० च्या सुमारास हा नमुना बाजारात आणला. त्यातील सहा हॉर्सपॉवरचे इंजिन मिनिटाला ६५० फेरे घेते. त्याचा बोअर साडेचार इंच आणि स्ट्रोक साडेपाच इंच. गुजरातेत राजकोटच्या कारखान्यांनी याच नमुन्याची इंजिने मोठ्या संख्येने बनवली आणि ती महाराष्ट्रातही आली. दुसरी जात जलद गतीची. पुण्यात १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचे पाच हॉर्सपॉवरचे ‘एव्ही-१’ हे त्यातले सर्वपरिचित. त्याचा बोअर ८० मिलिमीटर, स्ट्रोक ११० मिलिमीटर आणि फेरे मिनिटाला १५००.

आठ तासांच्या दिवसात पहिले इंजिन ३ लाख १२ हजार फेरे घेते, तर दुसरे ७ लाख २० हजार. मंद इंजिन जड आहे, पण त्याचे भाग मोठे, उघडे आणि हाताला येणारे आहेत. घरी काम शिकणाऱ्याने मंद जातीपासून सुरुवात करावी. पुढील माहिती मुख्यतः त्याच जातीची आहे.

विकत घेण्यापूर्वीची परीक्षा

इंजिन चालू स्थितीत असो वा बंद, पुढील गोष्टी पाहिल्याशिवाय इसार देऊ नये.

१) व्हॉल्व्ह उचलून धरून चाक हाताने फिरवा. ते मोकळे फिरले पाहिजे. मग व्हॉल्व्ह सोडून फिरवा. दाबाच्या जागी चाक अडून मागे उसळी मारत असेल, तर रिंगा आणि व्हॉल्व्ह अजून दाब धरतात.

२) तेलाचा नमुना काढा. तेल दुधाळ असेल तर त्यात पाणी मिसळते आहे. गॅस्केट गेले असेल किंवा ओतकामाला चीर असेल.

३) चाकाखाली लाकडी तरफ घालून ते वर-खाली हलवा. खडखड आवाज आला तर मुख्य बेरिंग झिजले आहे. चाक फिरताना डुलत असेल तर शाफ्ट वाकला असेल किंवा चावीची खाच सैल झाली असेल.

४) इंजिन चालू करून क्रँककेसच्या श्वासनळीतून धूर येतो का ते पहा. धुराचे लोट येत असतील तर बोअर आणि रिंगा झिजल्या आहेत.

५) हेड, सिलिंडर आणि पायाचे कान रॉकेलने पुसून उजेडात तपासा. चीर असली तर पुसल्यानंतर थोड्या वेळाने तिथे ओली रेघ पुन्हा उमटते. ताजा, जाड रंग लावलेल्या इंजिनावर ही परीक्षा दुप्पट काळजीने करावी.

खोलताना शिस्त

प्रथम तेल, पाणी आणि डिझेल काढून घ्या. वरचा चिखल खरवडून रॉकेलने धुवा, मगच बोल्टला पाना लावा. जोडीने बसणाऱ्या प्रत्येक भागावर पंचने खूण करा : कनेक्टिंग रॉड आणि तिची कॅप, टायमिंगची दातेरी चाके, बेरिंगचे डावे-उजवे. शिमा ज्या बाजूच्या त्या बाजूच्या वेगळ्या पुडीत ठेवा. कागदासारख्या या पातळ पत्र्यांवरच शाफ्टची आडवी हालचाल अवलंबून असते. त्यांची अदलाबदल झाली तर पुढचे दोन दिवस वाया जातात.

मोठी चाके काढण्याचे काम एकट्याने करू नये. डोक्याची चावी आणि चाकाच्या तुंब्यामध्ये पोलादी पाचर ठोकून चावी सैल होते. पण चावी निघण्याआधी चाकाखाली लाकडी ठोकळे असलेच पाहिजेत. पायावर पडलेले चाक माणसाला कायमचा लंगडा करते.

माप हाच खरा उस्ताद

सर्व भाग धुतल्यावर खर्चाचा निर्णय करायचा असतो, आणि तो डोळ्यांनी होत नाही. मायक्रोमीटर आणि बोअर गेज नसेल तर भाग घेऊन टर्नरकडे जा आणि मोजण्याची मजुरी द्या. ती मजुरी सर्वांत स्वस्त पडते.

बोअर तीन ठिकाणी मोजावा : वरची रिंग जिथे थांबते तिथे, मध्ये आणि खाली. प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी माप घ्यावे. झीज सर्वांत जास्त वरच्या बाजूला असते. नख फिरवल्यावर तिथे कडा लागत असेल तर झीज झालीच आहे असे समजावे. बोअर लंबगोल झाला असताना केवळ नव्या रिंगा घातल्या तर इंजिन महिनाभर बरे चालते आणि पुन्हा तेल खाऊ लागते. अशा वेळी बोअर वाढवून पुढच्या मापाचा पिस्टन घालणे किंवा स्लीव्ह बदलणे हाच मार्ग. आधी पिस्टन हातात घ्या आणि त्याच्या मापाने बोअर करून घ्या. उलट क्रम केला तर बाजारात त्या मापाचा पिस्टन मिळेलच असे नाही.

नवी रिंग एकटीच बोअरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांमधील फट फीलर गेजने मोजा. बोअरच्या दर इंचाला तीन ते चार थाऊ हा जुना हिशोब आहे. साडेचार इंची बोअरला ही फट सुमारे १३ ते १८ थाऊ येते. (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग.) फट कमी असेल तर गरम झाल्यावर रिंगेची टोके एकमेकांवर चढतात आणि बोअर ओरखडला जातो.

क्रँकची पिन गोल आहे की नाही हेही मापानेच ठरवा. बिगेंड बेरिंगला पिनच्या दर इंची व्यासामागे साधारण एक थाऊ मोकळीक ठेवण्याची रीत आहे. इंजिनाचे पुस्तक हाती असेल तर पुस्तकातील आकडाच प्रमाण मानावा. मूळ लिस्टर सहा हॉर्सपॉवरच्या इंजिनाला थंड असताना टॅपेटची फट १७ थाऊ सांगितली आहे. नकली नमुन्यांची मापे थोडी वेगळी असू शकतात, म्हणून ज्या कारखान्याचे इंजिन त्याचेच माप विचारून घ्यावे.

घरी काय करावे आणि बाहेर काय द्यावे, याची विभागणी अशी : धुणे, व्हॉल्व्ह पेस्टने घासून बसवणे, पाण्याच्या जागेतील क्षार काढणे, जोडणी आणि रंग घरी. बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, डिझेल पंप आणि नोझलची तपासणी बाहेर. पंपाचा एलिमेंट अत्यंत बारीक मापाचा असतो. घरी तो उघडून पुसण्याचाही मोह टाळावा.

जोडणी आणि पहिली सुरुवात

देशी इंजिनांच्या क्रँककेसमध्ये ओतकामाची वाळू कोपऱ्यांत चिकटून राहिलेली आढळते. वर्षानुवर्षे ती तेलात मिसळून बेरिंग खाते. या इंजिनांत तेल उडवून वंगण दिले जाते, त्यामुळे वाळूही तेलाबरोबर सगळीकडे पोहोचते. कोपरे तारेच्या ब्रशने घासा, धुवा आणि पांढऱ्या फडक्याने पुसा. फडके स्वच्छ निघेपर्यंत हे काम संपत नाही. कॉस्टिक सोड्याने ओतीव लोखंड धुता येते, पण पिस्टन बहुधा ॲल्युमिनियमचा असतो. त्याला सोडा लागू देऊ नये.

पहिली सुरुवात नेहमी उघड्यावर करा. बंद खोलीतील धूर जीवघेणा असतो. इंजिन जमिनीला घट्ट बांधलेले असावे. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा, म्हणजे उलटा झटका बसला तरी मनगट वाचते. लुंगी, सैल बाही, उपरणे, ओढणी चाकाजवळ नको. चावीचे बाहेर आलेले डोके कपडा पकडते. मुले आवाज ऐकून धावत येतात, त्यांना आधीच दूर ठेवा. नोझलची फवार तपासताना समोर हात कधीही धरू नये. तो दाब कातडीतून डिझेल आत घुसवतो. वरून टाचणीएवढी जखम दिसली तरी ताबडतोब मोठ्या दवाखान्यात जावे.

गव्हर्नर चुकीचा बसला किंवा सिलिंडरमध्ये तेल साचले, तर इंजिन बेफाम पळू शकते. म्हणून डिझेल तोडण्याची सोय आणि हवेचे तोंड झाकण्यासाठी लाकडी फळी हाताशी ठेवूनच हँडल मारावे. हवेचे तोंड हाताने झाकू नये. सुरू झाल्यावर पंधरा मिनिटे बिनभाराचे चालवा, थांबवून बेरिंगे हाताने पाहा, बोल्ट पुन्हा तपासा. मग हळूहळू भार वाढवा. पहिले तेल लवकर बदला, त्यात नव्या भागांचा कीस असतो. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नये, हेड तडकते.

रंग शेवटी का?

धुतलेल्या ओतकामाला लगेच प्रायमर द्यावा, नाहीतर एका रात्रीत गंज चढतो. वरचा रंग मात्र इंजिन काही तास भाराखाली चालल्यानंतरच द्यावा. तेल कुठून झिरपते, पाणी कुठे पाझरते, हे प्रायमरवर स्पष्ट दिसते. आधीच चकचकीत रंग दिला तर झिरपणाऱ्या जागेपासून तो सोलला जातो आणि काम दोनदा करावे लागते.

पद्धत अशी : तेलाचा अंश राहणार नाही इतके थिनरने पुसा, रेड ऑक्साइड प्रायमर द्या, तो वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर मारा आणि एनॅमलचे दोन पातळ हात द्या. एक जाड हात ओघळतो आणि आतून ओला राहतो. पावसाळ्यात दमट हवेत रंग देणे टाळावे. सायलेन्सरवर साधा एनॅमल जळून जातो. तिथे उष्णता सोसणारा ॲल्युमिनियम रंग वापरावा. नावाची पट्टी, पट्टा बसतो ती चाकाची कड, गॅस्केटच्या जागा, श्वासनळीचे भोक आणि पुशरॉड यांना रंग लागू देऊ नये.

जुना रंग खरवडताना एक सावधगिरी महत्त्वाची आहे. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता असते. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिसे दहा लाख भागांत ९० भागांवर आणणारा नियम २०१७ पासून लागू झाला; त्यापूर्वीच्या इंजिनावर काय लावले असेल ते सांगता येत नाही. म्हणून कोरडे घासू नका. पाणी लावून घासा, तोंडाला कापड बांधा आणि गाळ स्वयंपाकघराच्या मोरीत सोडू नका. जुन्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, तेही ओले करूनच काढावे.

हिशोब आणि विक्री

नमुन्यादाखल एक हिशोब मांडू. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत, प्रत्येकाने आपल्या गावचे भाव घालावेत. समजा इंजिन १०,००० रुपये, वाहतूक १,०००, पिस्टन-रिंगा व बोअरिंग ५,०००, क्रँक व बेरिंग ३,५००, पंप-नोझल २,०००, गॅस्केट-तेल-रॉकेल १,००० आणि रंग १,०००. एकूण २३,५००. आठ दिवसांची स्वतःची मजुरी रोजी ७०० प्रमाणे ५,६००. म्हणजे इंजिन २९,१०० रुपयांना पडले. बरेच कारागीर मजुरी धरत नाहीत आणि नफा झाला असे समजतात. प्रत्यक्षात त्यांनी आठ दिवस फुकट राबून दिलेले असते. माप घेतल्यावर हा आकडा विक्रीच्या भावावर जात असेल, तर तिथेच थांबा आणि सुटे भाग विकून टाका.

या हिशोबात रंगाचा वाटा साडेतीन टक्क्यांच्या आत आहे, पण गिऱ्हाईकाला दिसतो तो रंगच. उरलेले सारे काम इंजिनाच्या पोटात असते. म्हणून विकताना एका कागदावर बोअरचे आणि पिनचे माप, बदललेले भाग, न बदललेले भाग आणि राहिलेला ऐब स्पष्ट लिहून द्यावा. चिरेवर पुट्टी भरून वरून हिरवा रंग मारणारा एकदा चार पैसे जास्त मिळवतो. पण ते इंजिन घेणाराही बहुधा आपल्यासारखाच गिरणीवाला किंवा रसवंतीवाला असतो. हंगामात त्याचे इंजिन बंद पडले तर त्याच्या घरची चूल अडते, आणि त्या बाजारात आपले दुसरे इंजिन कोणी घेत नाही.

ज्यांना हे काम सुरू करायचे आहे त्यांनी पहिले इंजिन स्वतःच्या वापरासाठी करावे आणि एक हंगाम चालवावे. त्यातून मिळालेली मापांची वही जपून ठेवावी. दुसरे इंजिन विकायला काढाल तेव्हा ती वहीच गिऱ्हाईकासमोर ठेवता येईल.