समजावूनही हात धुणं का थांबत नाही?

प्रश्न : माझी धाकटी जाऊ गोठ्यातून आली की अर्धा-पाऊण तास हात धुते. कातडी सोलवटली, तरी "ताई, शेण राहिलं नाही ना?" असं सारखं विचारते. डॉक्टरांनी मंत्रचळ, म्हणजे ओसीडी सांगितला. गोळ्यांबरोबर थेरपीही सुचवली. नुसतं बोलून हे कसं थांबणार? आम्ही रोज समजावतोच की.
— एक वाचक, पौड (ता. मुळशी)

उत्तर : ताई, समजावून हे थांबत नाही, हे तुम्ही अचूक हेरलंत. हात स्वच्छ आहेत हे बहुतेक वेळा जाऊबाईंनाही कळतं, पण शंका पिच्छा सोडत नाही. म्हणून ईआरपी या थेरपीत भर असतो तो सरावावर.

थेरपिस्ट आधी त्यांच्याकडूनच भीतीच्या पायऱ्या मांडून घेतात. गोठ्याच्या कडीला बोट लावणं खालच्या पायरीवर, शेणाची पाटी उचलणं बरंच वर. मग कडीला हात लावायचा आणि धुवायचा नाही. छाती धडधडते, जीव नळाकडे धावतो. तरी तसंच बसून राहिलं की ती घालमेल बहुधा आपोआप ओसरू लागते. आजवर दरवेळी त्याआधीच हात धुतले गेले, त्यामुळे हा अनुभव त्यांच्या वाट्याला आलाच नाही. एक पायरी अंगवळणी पडली की पुढची. जेवणाआधीचं साधं हात धुणं कोणी बंद करत नाही.

व्हिक्टर मायर या मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली लंडनमधल्या दोन रुग्णांवरच्या अशा उपचारांची हकिगत प्रसिद्ध केली. तेव्हा धुणं रोखायला खोलीतलं पाणीच बंद केलं होतं. आता प्रत्येक पायरी रुग्णाच्या संमतीने ठरते.

तुमचा वाटा यात मोठा आहे. "नाही गं, काही राहिलं नाही" हे तुमचं प्रेमाचं उत्तरही हात धुण्यासारखंच काम करतं : घटकाभर बरं वाटतं, की प्रश्न पुन्हा हजर. पण ते परस्पर, एकदम तोडू नका; तुम्ही, जाऊबाई आणि थेरपिस्ट अशा तिघांनी बसून ठरवा. "ही शंका आजाराची आहे, उत्तर देत नाही, पण तुझ्याजवळ बसते," एवढं म्हणता येईल. रागावल्याने मात्र भीती वाढते.

गोळ्यांचा पुरता गुण दिसायला ८ ते १२ आठवडे लागू शकतात, मनाने बंद करू नका. पुण्यातल्या ससून रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात किंवा येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात चौकशी करा. १४४१६ या टेलि-मानसच्या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. "ईआरपी करता का?" असं स्पष्ट विचारा आणि पहिल्या भेटीला जाऊबाईंबरोबर तुम्हीही जा.