करणींची बेरीज कुठे चुकते?

प्रश्न : मी नववीत आहे. √९ + √१६ चे उत्तर √२५ का येत नाही? करणींचा सराव कसा करू?
– एक विद्यार्थिनी, वावर (ता. जव्हार, जि. पालघर)

उत्तर : तूच पडताळून बघ. √९ + √१६ म्हणजे ३ + ४ = ७; √२५ मात्र ५. मुळाखालच्या संख्यांचा गुणाकार चालतो, बेरीज नाही. नियमाची शंका आली की अशाच पूर्ण वर्गसंख्या घालून तपासायचे. ही सवय सगळ्यात मोलाची.

बेरजेआधी प्रत्येक करणीतून मोठ्यात मोठा पूर्ण वर्ग बाहेर काढ. √५० = ५√२, √१८ = ३√२; आता त्या सरूप झाल्या, बेरीज ८√२. √२ + √३ मात्र तसेच राहू दे. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या बाराव्या शतकातल्या ग्रंथात √२ आणि √८ यांची बेरीज √१८ दिली आहे. ती कशी आली, हे गाईड न उघडता वहीत मांड.

छेदात √५ − √३ असेल, तर अंश-छेदाला √५ + √३ ने गुण. छेद २ उरतो.

रोज चार-पाचच उदाहरणे सोडव, पण उत्तर दशांशात ताडून बघ : ७.०७ + ४.२४ = ११.३१, आणि ८√२ सुद्धा तेवढेच. अडलेली पायरी वहीसकट शिक्षकांना दाखव.