कोलांटीचे गणित

मे 2024 मध्ये उझबेकिस्तानची राजधानी ताश्कंद येथे महिलांची आशियाई कलात्मक जिम्नॅस्टिक्स अजिंक्यपद स्पर्धा भरली होती. वरिष्ठ आणि कनिष्ठ अशा दोन्ही गटांच्या मुली तेथे उतरल्या होत्या. वरिष्ठ गटाच्या व्हॉल्ट प्रकारात आगरतळ्याच्या दीपा कर्माकर हिने 13.566 गुण मिळवून सुवर्णपदक जिंकले. या स्पर्धेत भारतीय जिम्नॅस्टला मिळालेले हे पहिलेच सुवर्णपदक. दुसऱ्या आलेल्या उत्तर कोरियाच्या खेळाडूचे गुण होते 13.466. म्हणजे फरक अवघा 0.1 चा!

या बातमीतून दोन प्रश्न निघतात. इतका बारीक फरक कोठे पडतो? आणि मुलींचे दोन गट कशासाठी? लहान चणीच्या मुलीला कोलांटी सोपी जाते हे तर आपण नेहमीच पाहतो. मग तिला मोठ्यांशी सामना करू देण्यास हरकत कोणती? दोन्ही प्रश्नांची उत्तरे तुमच्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात आहेत. ती शोधू या.

हवेतला एक सेकंद

व्हॉल्टमध्ये जास्तीत जास्त 25 मीटर धावत यायचे, स्प्रिंगबोर्डवर दोन्ही पाय आपटून उसळायचे, 125 सेंटिमीटर उंचीच्या टेबलावर हात टेकून स्वतःला वर लोटायचे, हवेत कोलांट्या घ्यायच्या आणि पायांवर उतरायचे. धाव संपताना वेग सेकंदाला 7 ते 8 मीटर असतो. ही गतिज ऊर्जा हेच सारे भांडवल. त्यातून उंचीही मिळवायची आणि गिरकीही.

हात टेबलावरून सुटले की शरीरावर एकच महत्त्वाचे बल उरते, ते म्हणजे गुरुत्वाकर्षण. हवेचा विरोध येथे नगण्य आहे. गुरुत्वमध्याचा मार्ग त्याच क्षणी ठरून जातो. फेकलेल्या दगडासारखाच तो अन्वस्त वक्र असतो. हवेत हातपाय कितीही हलवले तरी हा मार्ग बदलत नाही.

आता ‘प्रोदुनोव्हा’ ही उडी घ्या. रशियाच्या येलेना प्रोदुनोव्हा हिने ती 1999 मध्ये करून दाखवली. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये दीपाने तीच केली होती. टेबलावर हातांवर उलटे असताना सुटायचे आणि पायांवर येईपर्यंत पुढच्या बाजूने एकूण अडीच फेरे पुरे करायचे. सोयीसाठी काही आकडे धरू. हात सुटताना गुरुत्वमध्य जमिनीपासून 2.2 मीटरवर आहे. तेथून तो 0.3 मीटर वर चढतो, आणि पाय टेकताना 0.8 मीटरवर असतो, म्हणजे खाली येताना एकूण 1.7 मीटर उतरतो.

अंतर = ½ × g × काळ², हे सूत्र तुम्हांला ठाऊक आहे. g = 9.8 धरल्यास चढायला सुमारे 0.25 सेकंद आणि उतरायला सुमारे 0.59 सेकंद लागतात. एकूण 0.84 सेकंद! एवढ्यात अडीच फेरे, म्हणजे सेकंदाला सुमारे तीन फेरे.

आता उसळी 10 सेंटिमीटरने कमी पडली असे समजा. हिशेब पुन्हा करा. काळ सुमारे 0.06 सेकंदाने घटतो. पापणी लवण्याच्या आतली ही गोष्ट. पण सेकंदाला तीन फेरे या गतीने तेवढ्यात सुमारे 65 अंशांची गिरकी अपुरी राहते. खेळाडू पायांवर न येता बसतीच होते.

आवळलेले अंग

सेकंदाला तीन फेरे येतात कोठून? एक प्रयोग करून पाहा. फिरत्या स्टुलावर बसा, दोन्ही हातांत जाड पुस्तके घेऊन हात पसरा आणि मित्राला हळूच फिरवायला सांगा. मग हात छातीशी घ्या. गती एकदम वाढते!

सरळ रेषेतील गतीत वस्तुमान जे काम करते, तेच फिरण्यात निरूढी परिबल करते. फरक एवढाच, की येथे नुसते वस्तुमान पाहून भागत नाही. ते अक्षापासून किती दूर आहे हेही पाहावे लागते, आणि तेही अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात. निरूढी परिबल आणि कोनीय वेग यांचा गुणाकार म्हणजे कोनीय संवेग. बाहेरून पीळ बसला नाही तर तो कायम राहतो. हवेतल्या जिम्नॅस्टला पीळ देणारे कोणीच नसते. म्हणून गुडघे छातीशी आवळून तिने निरूढी परिबल एक-तृतीयांश केले की गती तिप्पट होते, आणि उतरताना अंग उलगडले की ती मंदावते. कोनीय संवेग मात्र टेबल सोडतानाच मिळवलेला असावा लागतो. हवेत तो उसना मिळत नाही.

उतरण्याची किंमत

1.7 मीटर खाली येताना वेग सेकंदाला सुमारे 5.8 मीटर होतो. गुडघे वाकवून गुरुत्वमध्य आणखी 0.3 मीटर खाली नेत ती थांबली, तर पायांवरचे सरासरी बल वजनाच्या जवळजवळ पावणेसात पट भरते. पाय ताठ ठेवून 0.1 मीटरमध्येच थांबली तर ते 18 पट होईल! थांबण्याचे अंतर वाढवा, बल कमी होते. गादी आणि वाकलेले गुडघे हेच काम करतात.

पण आडवा वेग आणि उरलेली गिरकीही याच क्षणी शून्य व्हायला हवी. नाही झाली, तर पाऊल पडते. लहान पावलाला 0.1 गुण वजा, मोठ्याला 0.3, आणि पडल्यास 1 गुण. अंतिम फेरीत दोन उड्यांची सरासरी घेतात. रिओत दीपाला 15.066 गुण मिळाले, तर कांस्यपदक विजेतीला 15.216. सरासरीतला 0.15 चा फरक म्हणजे एका उडीतले 0.3, म्हणजेच एक मोठे पाऊल! ताश्कंदचा 0.1 चा फरक म्हणजे प्रत्येक उडीत एक लहान पाऊल.

उंची दहा टक्क्यांनी वाढली तर?

140 सेंटिमीटर उंचीची मुलगी त्याच प्रमाणबद्धतेने 154 सेंटिमीटरची झाली असे समजा. उंची 1.1 पट. वस्तुमान उंचीच्या घनाप्रमाणे वाढते : 1.33 पट. स्नायूंची ताकद त्यांच्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते : 1.21 पट. आणि निरूढी परिबल उंचीच्या पाचव्या घातानुसार : 1.61 पट! ताकदीपेक्षा वजन जास्त वाढले, आणि गिरकीला होणारा विरोध त्याहूनही जास्त. काल सहज जमणारी कोलांटी आज अपुरी पडू लागते. मुलीचे काही चुकले नाही. तिचे शरीर वाढले, इतकेच.

म्हणजे पदार्थविज्ञान लहानांच्या बाजूचे आहे. मग त्यांना रोखायचे का? कारण उतरताना बसणारा मार लहान हाडांनाही सोसावा लागतो. वाढत्या वयात लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेच्या पट्ट्या असतात. हाडाची वाढ तेथेच होते, आणि पक्क्या हाडापेक्षा त्या नाजूक असतात. जेथे लहान असण्याचा फायदा आहे, तेथे मुलींना घाईने मोठ्या स्पर्धेत ढकलण्याचा मोहही असतो. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये पूर्ण 10 गुण मिळवणारी नादिया कोमानेची 14 वर्षांची होती. पुढे वरिष्ठ स्पर्धांची किमान वयोमर्यादा 1981 मध्ये 15 आणि 1997 मध्ये 16 वर्षे झाली. कनिष्ठ गट हा वाढत्या हाडांना दिलेला अवधी आहे.

आणि मोठे झाल्यावर खेळ संपतो असेही नाही. याच उझबेकिस्तानची ओक्साना चुसोव्हितिना 2021 मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये व्हॉल्टसाठी धावली, तेव्हा ती 46 वर्षांची होती. ते तिचे आठवे ऑलिंपिक होते.

विचार करा

1. गुरुत्वमध्य 0.3 ऐवजी 0.5 मीटर वर चढला, तर हवेतील काळ किती होईल?
2. चंद्रावर g सुमारे एक-षष्ठांश आहे. तेथे हीच उसळी मारली तर अडीच फेऱ्यांसाठी अंग आवळावे लागेल का?
3. हवेत अंग आवळल्यावर गिरकीची गतिज ऊर्जा वाढते. ही ऊर्जा कोठून येते?